काडेपेटीवर लिहिलेलं गाणं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

एखादं गाणं आपल्या परिचयाचं असतं, पण ते नेमकं कुणाचं, असं कुणी विचारलं की आपण अडखळतो. लिहिणाऱ्याचं? चाल बांधणाऱ्याचं? पहिल्यांदा गाणाऱ्याचं? की ज्याच्या आवाजात ते घराघरांत पोचलं त्याचं? आज ज्या गाण्याबद्दल बोलणार आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न चांगलाच गुंतागुंतीचा आहे. गाणं अमेरिकेतलं आहे, ‘टेनेसी वॉल्ट्झ’. रेडिओवर बोलताना मी त्याची चाल वाजवून दाखवली होती. कागदावर ती सोय नाही, तेव्हा थोडं वर्णनावर भागवून घ्या.

‘कंट्री’ म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं, गावाकडचं संगीत. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, बँजो, गिटार आणि बोलल्यासारखं साधं गाणं. शेतमजूर, कोळसा खाणीतले कामगार, आगगाडी, दारू, देव, आई आणि फसलेलं प्रेम हे त्याचे विषय. शहरी मंडळी बराच काळ या संगीताला नाकं मुरडत. ते देशभर पोचवलं रेडिओनं. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात एका विमा कंपनीनं 1925 मध्ये डब्ल्यूएसएम नावाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी तिथं शनिवारी रात्रीचा गावरान गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याचं नाव ‘ग्रँड ओल ऑप्री’ पडलं आणि तो आजही चालू आहे. विम्याच्या पॉलिसी खपवायला काढलेल्या केंद्रातून एक संगीतपरंपरा उभी राहिली.

या ऑप्रीत 1937 पासून एक वाद्यवृंद वाजवत असे, ‘गोल्डन वेस्ट काउबॉइज’. नावात काउबॉय, पण त्याचा म्होरक्या गुराखीही नव्हता आणि दक्षिणेतलाही नव्हता. तो होता उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्यातला, पोलिश वंशाचा, अकॉर्डियन वाजवणारा ज्युलियस फ्रँक कुचिन्स्की. हे आडनाव रेडिओच्या निवेदकांना पेलणारं नव्हतं. तेव्हा ‘वॉल्ट्झचा राजा’ म्हणून गाजलेल्या वेन किंग या वादकाचं आडनाव त्यानं उचललं. उंची कमी, म्हणून लोक ‘पी वी’ म्हणत. असा तो पी वी किंग झाला. त्याच्या ताफ्यात रेड स्ट्युअर्ट नावाचा फिडल वाजवणारा आणि गाणारा तरुण होता. तो मात्र अस्सल टेनेसीचा. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागराच्या आघाडीवर असताना त्यानं एका सैनिकाच्या शेवटच्या पत्रावर गाणं लिहिलं होतं आणि अर्नेस्ट टब या गायकाच्या आवाजात ते 1944 मध्ये गाजलंही होतं.

गोष्ट 1946 ची. हे दोघे नॅशव्हिलला परतत होते. गाडीत रेडिओ चालू होता आणि त्यावर बिल मन्रोचं ‘केंटकी वॉल्ट्झ’ लागलं. केंटकी हे टेनेसीच्या शेजारचं राज्य. स्ट्युअर्टच्या मनात आलं, केंटकीला वॉल्ट्झ आहे, मग आमच्या टेनेसीला का नाही? बँडपाशी एक चाल तयार होतीच. कार्यक्रमात ते ती नुसती वाजवत, शब्दांशिवाय. तिला नाव नव्हतं म्हणून ती ‘नो नेम वॉल्ट्झ’, म्हणजे बिननावाचा वॉल्ट्झ. स्ट्युअर्टनं हाताशी असलेल्या मोठ्या काडेपेटीच्या पाठीवर शब्द लिहायला सुरुवात केली आणि घर येईपर्यंत गाणं उभं राहिलं.

वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा ठेका. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, त्यात पहिल्यावर जोर. आपल्या कानाला तो परका नाही, कारण दादऱ्याच्या सहा मात्रा म्हणजे तीन-तीनच्या दोन जोड्याच: धा धी ना, धा ती ना. फरक असा की वॉल्ट्झ मुळात जोडीनं नाचण्यासाठी आहे. पुरुषाचा हात बाईच्या कमरेवर, दोघं गोल फिरताहेत. गाण्याची सगळी कथा या नाचातच घडते.

कथा इतकी छोटी आहे की सांगायला अर्धं मिनिट पुरे. नाच चालू आहे, वाद्यवृंद टेनेसी वॉल्ट्झ वाजवतोय. नायिका आपल्या प्रियकराबरोबर नाचते आहे. तेवढ्यात एक जुनी मैत्रीण भेटते. नायिका दोघांची ओळख करून देते. ती दोघं नाचू लागतात आणि नाच संपेपर्यंत प्रियकर मैत्रिणीचा झालेला असतो. संपलं. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. ती फक्त एवढंच म्हणते की ती रात्र आणि ते गाणं मला आठवतं. पुरुष गातो तेव्हा मैत्रिणीऐवजी मित्र होतो, बाकी काही बदलावं लागत नाही.

आता यातली गंमत बघा. त्या रात्री जे टेनेसी वॉल्ट्झ वाजत होतं ते कुठलं? आपण ऐकतोय ते तर नव्हे, कारण हे गाणं त्या रात्रीनंतर, त्या रात्रीबद्दल लिहिलेलं आहे. म्हणजे गाण्यात एक गाणं आहे, ते आपल्याला कधीच ऐकू येत नाही आणि तरी ते आपण ऐकतोय असं वाटत राहतं. दुसरी गोष्ट म्हणजे नाव सोडलं तर यात टेनेसीचं काहीही नाही. ना नदी, ना डोंगर, ना गावाचं नाव. मला वाटतं, हे गाणं जगभर फिरलं त्याचं मोठं कारण हेच असावं. जुन्या मैत्रिणीशी आपल्या माणसाची ओळख करून देणं आणि पस्तावणं, याला कुठल्याच देशात भाषांतर लागत नाही.

डिसेंबर 1947 मध्ये पी वी किंगच्या ताफ्यानं हे गाणं आरसीए व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलं. गायला स्वतः स्ट्युअर्टच होता. 1948 च्या सुरुवातीला तबकडी बाजारात आली. त्याच सुमारास काउबॉय कोपास या गायकाचीही तबकडी आली. हा कोपास पूर्वी किंगच्याच ताफ्यात गात असे. दोन्ही तबकड्या कंट्री गाण्यांच्या यादीत वर चढल्या. पण ते सगळं कंट्रीच्या कुंपणाच्या आत. न्यूयॉर्क-शिकागोच्या श्रोत्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढचा टप्पा बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेला असतो किंवा गाळलेला असतो, म्हणून मी तिथं जरा थांबतो. 1950 मध्ये हे गाणं अर्स्किन हॉकिन्स यानं आपल्या वाद्यवृंदातून वाजवलं. हॉकिन्स कृष्णवर्णीय, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमचा, ट्रम्पेटवादक. ‘टक्सेडो जंक्शन’ ही त्याच्या वाद्यवृंदाची 1939 मधली गाजलेली रचना. त्या काळात अमेरिकेत तबकड्यांच्या याद्यासुद्धा वेगवेगळ्या असत. गोऱ्या शहरी लोकांची एक, गावाकडच्या गोऱ्यांची दुसरी, काळ्यांची तिसरी. दक्षिणेत बसमधल्या जागा आणि पाण्याचे नळ वेगळे होते, तसंच हे. पण चालीला कोण अडवणार? गोऱ्या गावरान संगीतातलं गाणं काळ्या वादकाच्या हाती आलं आणि त्याचा बाज बदलला.

हॉकिन्सची ही तबकडी ‘बिलबोर्ड’ या व्यवसायपत्रात काम करणाऱ्या जेरी वेक्सलरच्या कानावर पडली. काळ्यांच्या संगीताच्या यादीचं जुनं नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव रुळवणारा तोच हा वेक्सलर. त्यानं आपल्या ओळखीच्या जॅक रेलला सांगितलं की हे गाणं तुझ्या गायिकेला दे. रेलची गायिका होती पॅटी पेज.

पॅटी पेजचं खरं नाव क्लॅरा ॲन फाउलर. ओक्लाहोमा राज्यातली, मोठ्या कुटुंबात वाढलेली. टल्सा शहरातल्या रेडिओ केंद्रावर एक कार्यक्रम होता. प्रायोजक होती पेज मिल्क कंपनी, दूध विकणारी, म्हणून कार्यक्रमात गाणारी मुलगी कोणीही असो, तिचं नाव ‘पॅटी पेज’. क्लॅरा त्या जागेवर आली आणि नाव तिला कायमचं चिकटलं. विमा कंपनीच्या रेडिओवरून पी वी किंग आणि दूध कंपनीच्या रेडिओवरून पॅटी पेज! जाहिरातदारांना आपण उगाच नावं ठेवतो.

पेजची दुसरी ओळख तांत्रिक होती. ‘कन्फेस’ या तिच्या सुरुवातीच्या गाण्याच्या वेळी साथीला गाणाऱ्या बाईचे पैसे द्यायची कंपनीची तयारी नव्हती. तेव्हा असं ठरलं की तिनंच पुन्हा गावं. आधी मुद्रित केलेला तिचा आवाज वाजवायचा, त्यावर तिनंच दुसरा स्वर लावायचा आणि दोन्ही एकत्र मुद्रित करायचे. काटकसरीतून निघालेली ही युक्ती तिची खूण बनली. आपल्याकडे ‘इजाजत’मधलं ‘कतरा कतरा’ ऐकताना आशाताईंच्या आवाजावर आशाताईंचाच आवाज येतो, त्याच जातीची ही करामत. फरक जवळजवळ चाळीस वर्षांचा.

‘टेनेसी वॉल्ट्झ’मध्ये या युक्तीला अर्थ आला, असं माझं मत आहे. एकच बाई स्वतःच्याच आवाजाला साथ देते आहे. जिची मैत्रीण गेली आणि माणूसही गेला, तिच्या सोबतीला दुसरं उरलंय कोण? कंपनीच्या मनात असलं काही नव्हतं, हे उघड आहे. पण ऐकताना ते जाणवतं खरं.

ही तबकडी नोव्हेंबर 1950 मध्ये मुद्रित झाली, तीसुद्धा पाठची बाजू भरायला. पुढच्या बाजूला नाताळसाठी सांताक्लॉजवरचं एक उडतं गाणं होतं आणि मर्क्युरी कंपनीचा सगळा भर त्यावर होता. लोकांनी तबकडी उलटी करून वाजवली. वर्षअखेरीला ‘टेनेसी वॉल्ट्झ’ सर्वाधिक खपाच्या यादीत पहिलं आलं आणि नऊ आठवडे तिथं राहिलं. सांताक्लॉजचं गाणं आज कुणाला आठवत नाही. मग जो तो हे गाणं गायला धावला. जो स्टॅफर्ड, लेस पॉल आणि मेरी फोर्ड, गाय लोंबार्डोचा वाद्यवृंद, अनिता ओ’डे. स्पाइक जोन्सनं तर त्याचं विडंबनही केलं.

एकाचं गाणं दुसऱ्यानं म्हणणं, त्याला इंग्रजीत ‘कव्हर’ म्हणतात. नाट्यसंगीतावर वाढलेल्या आपल्या माणसाला यात नवल नाही. बालगंधर्वांचं पद पुढच्या किती जणांनी गायलं! पण तबकडीच्या धंद्यात यामागे कायदा आणि पैसा असतो. अमेरिकेत 1909 च्या कायद्यानं असं ठरवलं की एखादं गाणं एकदा मुद्रित होऊन बाजारात आलं की पुढे कुणीही ते मुद्रित करावं, मालकाची वेगळी मनधरणी नको, मात्र काढलेल्या प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट द्यावेत. हा दोन सेंटांचा दर 1977 अखेरपर्यंत तसाच होता. हे पैसे गाणाऱ्याला मिळत नाहीत, ते जातात गाण्याच्या प्रकाशकाला आणि त्याच्याकडून गीतकार-संगीतकारांना. म्हणजे पॅटी पेजची तबकडी खपो की लेस पॉलची, किंग आणि स्ट्युअर्टच्या खात्यात भर पडणारच. कव्हर करणारा चोर नसतो. तो एका अर्थी मूळ मालकाचा फुकटचा विक्रेता असतो.

आपल्याकडे 1980 च्या दशकात टी-सीरिजनं जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या आवाजातल्या कॅसेटी काढल्या, तेव्हा केवढं वादळ उठलं होतं ते अनेकांना आठवत असेल. त्याला आधार होता आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या अशाच एका तरतुदीचा. मूळ मुद्रणानंतर सूचना आणि रॉयल्टी देऊन ‘व्हर्जन’ काढता येई. 2012 च्या दुरुस्तीनं त्यासाठी पाच वर्षांची मुदत ठेवली आणि इतर अटीही घातल्या. वाद अर्थात कायद्यापुरता नव्हता. ‘लताबाईंचं गाणं दुसरीनं गावंच का’ हा खरा राग होता. अमेरिकेत पॅटी पेजवर असं कुणी रागावलं नाही, कारण मूळ गायक कोण हे तिच्या बहुतेक श्रोत्यांना ठाऊकच नव्हतं.

या दोन-दोन सेंटांनी नॅशव्हिलचं नशीब पालटलं. गाण्याचे हक्क होते ॲकफ-रोझ या प्रकाशन संस्थेकडे. गायक रॉय ॲकफ आणि संगीतकार फ्रेड रोझ यांनी ती 1942 मध्ये नॅशव्हिलमध्ये काढली होती. तोवर गाण्यांचा धंदा म्हणजे न्यूयॉर्क आणि हॉलिवूड. गावाकडच्या गाण्यातही असा पैसा आहे हे या एका वॉल्ट्झनं दाखवून दिलं आणि शहरातल्या कंपन्या कंट्री गाणी शोधत नॅशव्हिलकडे पाहू लागल्या. 1965 मध्ये टेनेसीच्या विधिमंडळानं हे गाणं राज्यगीत म्हणून स्वीकारलं. तोवर त्या राज्याची तीन राज्यगीतं आधीच होती आणि नंतरही त्यांनी आणखी बरीच केली, त्यामुळे त्या मानाला किती महत्त्व द्यायचं ते तुम्ही ठरवा. राज्याच्या गौरवगीतात फसवणुकीची कथा आहे, यावर सभागृहात कुणी हरकत घेतली का, हे जाणून घ्यायला मला आवडलं असतं.

पुढच्या गायकांपैकी दोघांचा उल्लेख करायलाच हवा. सॅम कुक यानं 1964 मध्ये हे गायलं. कुक काळा, चर्चमधल्या भजनांतून आलेला. त्यानं वॉल्ट्झ मोडून टाकला, लय वाढवली, गाणं टाळ्या वाजवायला लावणारं केलं. दुःखाचा मागमूस नाही. ज्या तबकडीवर हे आहे, तिच्यावरच ‘अ चेंज इज गॉना कम’ हे नागरी हक्कांच्या चळवळीचं गाणं आहे. चारच वर्षांपूर्वी, 1960 मध्ये, नॅशव्हिलमध्ये काळ्या विद्यार्थ्यांना उपाहारगृहाच्या काउंटरवर बसून खायला मिळावं म्हणून सत्याग्रह करावा लागला होता. हे लक्षात ठेवून त्या आवाजातला टेनेसी हा शब्द ऐका, वेगळा वाटेल.

दुसरा ओटिस रेडिंग, 1966 चा. टेनेसीतल्याच मेम्फिस शहरात, स्टॅक्स कंपनीच्या स्टुडिओत. माझ्या मते हे सर्वांत उत्तम. रेडिंग शब्द तोडतो, पुन्हा पुन्हा उचलतो, विनवतो, शेवटी जवळजवळ ओरडतो. पेजची नायिका ती रात्र आठवते आहे. रेडिंगच्या बाबतीत ती रात्र अजून संपलेलीच नाही. त्या वेळी स्टॅक्सच्या तबकड्या देशभर वितरित करणारी कंपनी होती अटलांटिक आणि तिच्या प्रमुखांपैकी एक होता तोच जेरी वेक्सलर, ज्यानं सोळा वर्षांपूर्वी हॉकिन्सची तबकडी ऐकून पॅटी पेजचं नाव सुचवलं होतं. रेडिंग पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1967 मध्ये विमान अपघातात गेला. वय अवघं सव्वीस.

टॉम जोन्सनं आयर्लंडच्या ‘चीफटन्स’बरोबर हे गाणं 1995 मध्ये म्हटलं. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन यानं 1985 च्या मॉन्ट्रो महोत्सवात गाताना स्वतःचं एक कडवं जोडलं. ते मुद्रण 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. पंडित रविशंकरांची मुलगी नोरा जोन्स हिनं 2002 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या कार्यक्रमात ते गायलं आणि फारसं काही न करता छान गायलं.

या गाण्याचा सर्वांत लांबचा प्रवास मात्र जपानमध्ये झाला. महायुद्धानंतर जपान अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. सैनिकांसाठी रेडिओ होता, तळांवर क्लब होते आणि तिथं गायला जपानी गायक लागत. चिएमी एरी नावाची मुलगी लहानपणापासून अशा क्लबांत गात असे. जानेवारी 1952 मध्ये तिची पहिली तबकडी निघाली, ‘टेनेसी वॉल्ट्झ’, अर्धी इंग्रजीत, अर्धी जपानीत. तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. तबकडी तुफान चालली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेचा ताबा संपला, सैन्याचे तळ राहिले आणि गाणंही राहिलं. आजही जपानमधल्या एका पिढीला हे गाणं आपलंच वाटतं. जेत्यांच्या क्लबात शिकलेलं गाणं आपलं कसं म्हणायचं, हा प्रश्न तिथल्या लोकांना पडला नसेल असं नाही. पण चिएमीनं ते ज्या सहजपणे गायलं आहे, त्यात तो ऐकू येत नाही.

चिएमीनं 1959 मध्ये नट केन ताकाकुरा याच्याशी लग्न केलं. तो पुढे जपानचा फार मोठा नट झाला. 1971 मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. 1982 च्या फेब्रुवारीत चिएमी तोक्योतल्या आपल्या घरी वारली, पंचेचाळिसाव्या वर्षी.

1999 मध्ये ताकाकुराचा ‘पोप्पोया’ हा चित्रपट आला. होक्काइदोच्या बर्फात, बंद होऊ घातलेल्या लोहमार्गाच्या शेवटच्या स्थानकावरचा म्हातारा स्टेशनमास्तर. तान्ही मुलगी गेली, बायको गेली, तेव्हाही हा माणूस ड्यूटीवरच होता. त्याची ती गेलेली बायको जुन्या दिवसांच्या प्रसंगांत एक चाल गुणगुणत असते. ती चाल ‘टेनेसी वॉल्ट्झ’ची आहे.